उपडा कप

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. मी पायांना हात लावला असं तू समज, आणि तू पाठीत धपाटा घातलास असं मी समजतो.

फोनचा काही उपयोग नाही हे परवा कळलं. मी विचारत होतो नवा चष्मा कसा आहे, आणि तू सांगत होतीस की जावई दौऱ्यावर गेलेत. शेवटी भाचीनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "मामा, तू पत्रच लिही. आईला वाचलेलं सगळं ऐकू येतं." म्हणून हा खटाटोप. शाळा सुटल्यापासून इतकं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझ्या खुर्चीवर बसून महिना झाला. खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे तू सांगितलं नव्हतंस. इतकी वर्षं मी याच कारखान्याच्या विक्रीत होतो. उंचावर काम करणाऱ्यांसाठी आम्ही सुरक्षा पट्टे शिवतो, हे गिऱ्हाइकांना झोपेतसुद्धा सांगितलं असेल. पण शिवणखात्यात मी पाहुणाच होतो. आता खात्यातल्या सगळ्यात जुन्या काकू एकेक शिकवतात. पट्ट्याचं टोक दुमडून चौकोन का शिवायचा, त्या चौकोनात फुली का मारायची, सगळं. मशिनं एकदम सुरू झाली की शेजारच्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. तुझे कान कसे गेले ते मला आता समजलं, ताई. इतक्या वर्षांत एकदाही खाली उतरून बघितलं नाही, याची लाज वाटली.

एक विचारायचं होतं. चहाच्या वेळी सगळ्याजणी भिंतीवरच्या खुंट्यांवरून आपापला कप काढतात. अधूनमधून कुणीतरी आपला कप टेबलावर उपडा ठेवते आणि चहा न घेता गप्प बसते. मग सगळ्यांचाच चहा राहतो, मशिनं बंद, आणि सगळ्या त्या बाईच्या टेबलाशी गोळा होऊन पट्टे उलटेपालटे करतात. गेल्या आठवड्यात असाच सगळा खोळंबा झाला आणि शेवटी निघालं काहीच नाही. काकू म्हणतात ही तुझी पद्धत. वर हसून हेही म्हणाल्या, "सगळ्यात जास्त वेळा मोठ्या बाईंचाच कप उपडा असायचा. फार शंकेखोर." खरं का गं?

तुझा
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, पुरवून वापर.

अक्षराला नावं ठेवत नाही, कारण ते अक्षर आहे की मुंगी शाईत पडून चालली आहे हे अजून ठरत नाही. पण पत्र तीनदा वाचलं. इथे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात आणि मग दमून बोलायचे थांबतात. नातवानं तर हातवारे सुरू केलेत, जशी काही मी परक्या मुलखातून आले आहे. तू लिहीत जा.

खुर्चीच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी ठेवायची. झाडणाऱ्या बाईनं फेकली असेल.

कपाचं सांगते. मशिनं चालू असताना कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, ते तू बघितलंसच. आणि मशिनं बंद असताना बोलायला आमच्या बायकांची जीभ उचलत नाही. चिमणीचंच घे. दोन लेकरांची आई, पण आवाज एवढासा, की बायकांनी नाव चिमणीच पाडलं. सगळ्यांसमोर उभं राहून ती कधी म्हणेल का, की अमक्या शिवणीत काही चुकलंय? पण कप उपडा करायला आवाज लागत नाही. तेवढं ती करते. नियम एकच. कप उपडा दिसला की "कुणाची चूक" असं कुणी विचारायचं नाही. "काय खटकलं?" एवढंच विचारायचं. काही निघालं तर निघालं, नाही तर नाही. वेळ गेला म्हणून कुरकुर करायची नाही.

माझा कप जास्त वेळा उपडा असायचा हे खरं आहे. का, ते भेटलास की सांगेन. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शिवाय निघताना मला कुणी विचारलंही नाही की बाई, इतकी वर्षं हे खातं कसं चालवलंत. चाव्या घेतल्या, फुलांचा गुच्छ दिला, झालं. विचारणारा तू पहिला, तोही खुर्चीवर बसल्यावर. तेव्हा थोडी वाट बघ.

तुझी
ताई


९ मे

ताई,

तू सांगितलेलं लक्षात ठेवलं, आणि आता माझी फुशारकी ऐक. नव्याचे नऊ दिवस म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली आहेत.

आधी दोऱ्याचं. नारिंगी दोऱ्याची रिळं मागच्या अंधाऱ्या कोठीत पेटीबंद पडलेली असायची. तिथे उंदीर पाळले होतेस का? मी ती सगळी बाहेर काढली आणि मोठ्या खिडकीशी उघडी मांडणी करून ओळीनं लावली. फेब्रुवारीतच केलं हे. उन्हात तो रंग असा काही खुलतो, की आलेलं गिऱ्हाईक आधी तिकडे बघतं. शेवटी मी विक्रीचा माणूस.

दुसरं कपाचं. मी विचार केला, कप उपडा होतो म्हणजे कुठेतरी काम नीट झालेलं नाही. मग काम नीट झालं तर कप उपडा व्हायलाच नको. म्हणून भिंतीवर फळा लावला. ज्या टेबलाचा एकही कप आठवडाभर उपडा झाला नाही, त्या टेबलाच्या नावापुढे चांदणी. ज्यांच्या चांदण्या जास्त, त्यांचा फोटो दरवाज्याशी. पहिल्या आठवड्यात बायका हसल्या. आता अशी चुरस लागली आहे की विचारू नकोस. गेला महिनाभर एकही कप उपडा नाही. मशिनं थांबत नाहीत, माल वेळेवर जातो. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, तुमच्या ताईंना हे सुचलं नव्हतं. मला जरा वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

परवा चिमणीच्या हातात कप उपडा दिसला. मी चेष्टेनं म्हटलं, "काय चिमणीबाई, चांदणी घालवता का?" ती हसली आणि तिनं कप सुलटा केला. फार समजूतदार बाई आहे.

तुझं उत्तर लवकर येऊ दे. शाबासकी असेल तर आणखी लवकर.

तुझा
धाकटा


२६ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं मे महिन्यातलं पत्र मला आज मिळालं. आज.

मी मे महिन्यात न्हाणीघरात पडले ते तुला तुझ्या भाचीनं फोनवर सांगितलं असेलच. कमरेचं हाड, दवाखाना, मग पडून राहणं. तुझं पत्र तिनं कपाटात ठेवून दिलं. कारखान्याचं पत्र वाचलं की आई रात्रभर जागते, आधी बरी होऊ दे, मग देऊ, असं तिच्या मनात. आज कपाट आवरताना तिनंच आणून दिलं आणि वर मला आवडती बिस्किटं पण दिली. तिला काय म्हणू? तिनं प्रेमानंच केलं.

भाचीनं दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहिते. पत्र हातात पडेल त्या क्षणी उठ आणि दोन गोष्टी कर. पहिली, ती रिळं खिडकीतून काढ आणि त्यातलं एकही वापरू नकोस. ऊन लागलं की त्या दोऱ्यातला जीव जातो. वरून दिसतं काय, तर रंग जरा फिका. म्हणून ती अंधारात होती. उंदीर पाळले नव्हते मी. फेब्रुवारीपासून त्या दोऱ्यानं जे जे शिवलं ते परत मागव. मालक ओरडतील, ओरडू देत.

दुसरी, तो फळा उतरव.

भेटल्यावर सांगेन म्हटलं होतं, ते आता सांगते. माझा कप एवढ्या वेळा उपडा असायचा, त्यातल्या निम्म्या वेळा मला काहीही खटकलेलं नसायचं. मी मुद्दाम ठेवायची. दहा-बारा दिवस कुणाचाच कप उपडा झाला नाही की मला धास्ती वाटायची. इतक्या हातांनी इतकं काम केलं आणि कुणालाच काही शंका आली नाही, असं कधी होतं का? म्हणजे शंका आहे, पण कप उपडा करायला कुणी धजत नाही. मग मी माझा ठेवायची. सगळ्या यायच्या, बघायच्या, काही निघायचं नाही, मी म्हणायची, "बरं झालं बाई, माझाच भ्रम." आणि दोन दिवसांत खरा कप उपडा व्हायचा. मोठ्या बाईच चुकतात म्हटल्यावर चुकायला लाज कसली? बायका मला शंकेखोर म्हणून हसायच्या. हसू दे म्हणायची मी. हसतायत तोवर बोलतायत.

हे तुला फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. मान मिळाला नाही म्हणून मी फुगून बसले आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत ती तशीच ठेवली. आता वाटतं, कुणासाठी झाकली होती?

चिमणीला विचार, त्या दिवशी काय खटकलं होतं. आजच विचार.

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

बरी आहेस ना? भाची मागच्या फोनला म्हणाली, आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातेस. ऐकून बरं वाटलं. मी मधे पत्र लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझंही आलं नाही, म्हटलं पडून आहेस, कशाला त्रास.

इकडे ठीक आहे. एका पट्ट्याची तक्रार आली आहे, त्यामुळे थोडी धावपळ. मालक म्हणतात काळजी करण्यासारखं नाही, कागदपत्रं सगळी नीट आहेत. फळा सध्या रंगवायला काढला आहे. चिमणी रजेवर आहे, तिला बरं नाही.

तुझ्या वेळी कधी असं झालं होतं का, की पट्टा परत आला? सहज विचारतो.

हल्ली चहा बंद केला आहे. पित्त होतं.

धाकटा


५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तू काय ओळखलंस मला माहीत आहे. तुझ्यापासून काही लपवणं मला लहानपणीही जमलं नाही.

एक माणूस गेला.

उंच इमारतीच्या काचा पुसणारा होता. आपला पट्टा होता. चौकोनातली शिवण उसवली. पट्टा माझ्यासमोर आणून ठेवला तेव्हा दोरा मी नखानं ओढून बघितला आणि तो तुटला. साध्या नखानं, ताई. मी विक्रीत असताना गिऱ्हाइकांसमोर त्या पट्ट्याला लोंबकळून दाखवायचो.

तू पत्र लिहीत होतीस तेव्हा त्याला जाऊन आठवडा झाला होता. मे महिन्यात तुला माझं पत्र मिळालं असतं तर, असं मी सारखं म्हणतो. मग वाटतं, मीही कसा आहे, अजून दोष दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात टाकतोय. भाचीला यातलं काही सांगू नकोस.

मी त्याच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, दारात त्याची सायकल. त्याच्या बायकोनं मला बसायला खुर्ची दिली. ती रडत नव्हती. मी जे पाठ करून गेलो होतो ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतक्या माणसांच्या हातांखालून तो पट्टा गेला. तुम्हाला कुणीच काही सांगितलं नाही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "असं कसं होईल?" तिला खरंच कळत नव्हतं.

परत आलो आणि काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "साहेब, दोरा फिका झालेला मला दिसला होता. पण शेजारी चिमणीनं कप सुलटा केला, ते मी बघितलं. तिची नजर तरुण. म्हटलं, तिला ठीक वाटतंय म्हणजे माझेच डोळे म्हातारे झाले." चिमणीकडे गेलो तर ती दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही. तिच्या नवऱ्यानं सांगितलं, जेवत नाही, एकच बोलते, की काकू निवांत चहा पीत होत्या म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दोघींनी एकमेकींचे सुलटे कप बघितले, ताई. आणि दोघींनी माझा फळा बघितला.

आता तुला सगळं सांगतो. चौकशीचे अधिकारी पंधरा तारखेनंतर येणार आहेत. मालकांनी एक निवेदन तयार करून माझ्यापुढे ठेवलं आहे. त्यात लिहिलंय की पट्ट्यावर तपासणीची खूण चिमणीची आहे, दोष डोळ्यांना दिसण्यासारखा होता, तिनं हलगर्जीपणा केला. सही माझी हवी. मालक म्हणाले, "यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का, दाखवा." नाही दाखवता आलं. प्रत्येक वाक्य खरं आहे आणि सगळं मिळून खोटं आहे. मी म्हटलं विचार करतो. ते म्हणाले, "विचार काय करायचा? तुम्हाला मुलंबाळं आहेत. तिला कुठेही शिवणाचं काम मिळेल."

मी वाईट माणूस नाही, ताई. तुला माहीत आहे. पण त्या खोलीत बसलो की पेन हातात कधी येतं ते कळत नाही. सगळे इतकं शांतपणे बोलतात, की मलाच वाटायला लागतं मी उगाच बाऊ करतोय. मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

धाकटा


१२ सप्टेंबर

धाकट्या,

पत्र वाचलं. त्या माणसाची सायकल डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच्यासाठी तू आणि मी आता काहीही केलं तरी उशीरच झालेला आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुला हलकं वाटणार नाही. हलकं वाटायला नकोच आहे.

सही कर किंवा करू नको, हे मी सांगणार नाही. मी सांगितलं म्हणून केलंस तर ते माझं होईल, आणि उद्या दुसऱ्या कुणी दुसरं सांगितलं की तेही करशील. पण मी तुला एक गोष्ट सांगते. बायकांना वाटतं मोठ्या बाई फार धीट होत्या. मी कधीच धीट नव्हते.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. तपासणीला बसले होते, आणि आमच्या तेव्हाच्या मुकादमानं स्वतः शिवलेल्या पट्ट्यांत मला काहीतरी खटकत होतं. पण मुकादमाला कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मीच मिळाले होते का? मी गप्प बसले. चहा आला. कुणाला निषेध दाखवायचा, पद्धत पाडायची, असलं काही डोक्यात नव्हतं. चहा नको झाला होता आणि वाढणारी पुढे येत होती, म्हणून मी कप उपडा ठेवला. झालं एवढंच. मुकादमानं विचारलं, "काय गं, चहा का नको?" मी लगेच कप सुलटा करायला हात पुढे केला.

तेवढ्यात शेजारी काकूनं आपला कप उपडा ठेवला. ती तेव्हा काकू नव्हती, माझ्याच वयाची सडपातळ पोरगी होती. तिला काय खटकलं होतं? काहीही नाही. तिनं पट्टा बघितलासुद्धा नव्हता. तिनं फक्त माझा हात बघितला होता. तिचा कप उपडा झाला म्हणून माझा सुलटा झाला नाही, आणि मग मला बोलावं लागलं. पुढे आयुष्यभर मी जे मुद्दाम कप उपडे ठेवले, ते तिचं देणं फेडत होते. मला धीट समजणाऱ्यांना हे ठाऊक नाही, की ती शेजारी नसती तर मीही चहा पिऊन मोकळी झाले असते.

तू वाईट माणूस नाहीस. त्या खोलीत एकटा आहेस. एकटं माणूस हळूहळू समोरच्यांसारखंच बोलायला लागतं, आणि त्याला ते कळतही नाही. तू चिमणीला आणि काकूला असंच एकटं केलंस, चांदण्या वाटून. तुझ्या मनात पाप नव्हतं हे मला माहीत आहे. चिमणीलाही माहीत असेल. पण तेवढ्यानं तिचा घास घशाखाली उतरणार नाही.

मला तिथे यायचं होतं. डॉक्टर म्हणतात इतका प्रवास झेपणार नाही, आणि भाची तर चपला लपवून ठेवते. म्हणून माझा कप पाठवते आहे. निघताना खुंटीवरून काढून आणला होता, इथे त्यात दात घासायचा ब्रश ठेवते. जुन्या कपड्यांत नीट गुंडाळला आहे. तू त्या खोलीत जाशील तेव्हा बरोबर ने. मग काय ते तूच ठरव.

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

कप पोचला. कान तुटला होता, बाकी शाबूत. कानाचा तुकडा तुझ्या जुन्या पोलक्याच्या बाहीत सापडला, तो ठेवून दिला आहे.

चौकशी झाली. लांब टेबल होतं. एका बाजूला अधिकारी, एका बाजूला मालक आणि त्यांचे वकील, मी टोकाला. काकूंना साक्षीला बोलावलं होतं, त्या भिंतीशी स्टुलावर. निवेदन माझ्यापुढे होतं, पेन वर ठेवलेलं. चहा आला. मी पिशवीतून तुझा कप काढला आणि टेबलावर उपडा ठेवला. माझ्यासमोर आलेला कप रिकामाच होता, तोही शेजारी उपडा केला. वाढणारा किटली घेऊन तसाच उभा. अधिकाऱ्यांना वाटलं मला बरं वाटत नाही. त्यांनी विचारलं, "चहा नको का?"

मी तोंड उघडायच्या आत मालक हसून म्हणाले, "त्यांना पित्ताचा त्रास आहे." आणि खरं सांगतो, माझा हात कप सुलटा करायला निघाला होता. तुझ्यासारखाच.

भिंतीशी आवाज झाला. काकूंनी आपला कप स्टुलाखाली, फरशीवर, उपडा ठेवला होता. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मी सांगितलं. रिळं मी खिडकीत ठेवली. फळा मी लावला. चिमणी कप उपडा करून काही सांगत होती आणि मी चेष्टा करून तिला तो सुलटा करायला लावला. खूण तिची आहे, पण तिचं तोंड मी बंद केलं होतं. वकील मधे मधे बोलत होते, मी थांबलो नाही. काकूंनीही सांगितलं, त्यांना काय दिसलं होतं आणि त्या गप्प का बसल्या. निवेदनावर सही केली नाही.

यानं सगळं ठीक झालं असं समजू नकोस. माझी खुर्ची गेली. पुढे माझ्यावर खटला होईल की नाही ते अजून ठरायचं आहे. वकील म्हणतात होईल. घरी बायको कमी बोलते, पण डबा अजून भरते, कुठे जातोस विचारत नाही. विकलेले पट्टे पोत्यांनी परत येतायत आणि खात्यातल्या बायका कात्रीनं ते कापत बसल्या आहेत. आपण शिवलेलं, आपल्याच हातानं. एवढी पोती आली, तरी सगळी आलेली नाहीत. काही पट्टे अजून कुठेतरी, कुणाच्या तरी कमरेला आहेत. हे मनात आलं की मी चालता चालता थांबतो आणि मान वर करून इमारतींकडे बघतो.

त्याच्या बायकोकडे पुन्हा गेलो. तिनं पहिल्यांदा विचारलं होतं त्याचं खरं उत्तर दिलं, की एक बाई मला सांगू बघत होती, मीच ऐकलं नाही. तिनं ऐकलं आणि दार लावून घेतलं. सायकल दारात नव्हती.

शेवटचं चिमणीचं. ती कामावर परत येणार नाही, असं तिच्या नवऱ्यानं कळवलं. खुंटीवर तिचा कप तसाच होता. निघायच्या दिवशी मी तो काढून घेतला आणि तिच्या घरी गेलो. या वेळी ती बाहेर आली. फार वाळली आहे. तिच्यावर ठपका राहिलेला नाही हे तिला कळलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. मी कप पुढे केला, तो तिनं घेतला, धुतला, पुसला. मला दुसऱ्या कपात चहा दिला. स्वतःचा कप घेऊन समोर बसली आणि तो जमिनीवर उपडा ठेवला.

ताई, मला तुझी आठवण झाली. फळा लावताना, पाठ थोपटून घेताना कधी झाली नव्हती, अशी झाली. मी माझा चहा बाजूला ठेवला आणि विचारलं, "काय खटकलं?"

तिचा आवाज तुला माहीतच आहे. मी पुढे वाकलो तेव्हा कुठे ऐकू आला.

"दोरा फिका होता, साहेब," ती म्हणाली.

एवढंच होतं, ताई. एवढंच तिला मे महिन्यात सांगायचं होतं.

तुझा
धाकटा